सरदारजींनी घेतलेला पेढा

सुलभाला, माझ्या बायकोला, ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आणि दार बंद झालं, तेव्हा मला देव आठवला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण असे अनुभव लिहिणारी माणसं पहिल्या ओळीपासून हात जोडून उभी असतात. सकाळी ती म्हणाली, पोटात दुखतंय. मी ओवा दिला. दुपारी ती कळवळून खाली बसली ती उठेचना. दुबईत करामातून ऊद मेथाच्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता म्हणजे एरवी एक गाणं संपायच्या आत संपतो, पण त्या दिवशी तो मस्कतपर्यंत लांबला होता. आतडं फुटलंय, म्हणाले. डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "वी विल ट्राय अवर बेस्ट." मी टाइल्स विकतो. माल फुटका निघाला की आम्ही गिऱ्हाइकाला हेच वाक्य ऐकवतो. त्यामुळे त्यात काय असतं आणि काय नसतं, ते मला पाठ आहे.

माझा स्वभाव वाढवून सांगण्याचा. आमच्या बिल्डिंगमध्ये झुरळ निघालं तर मी त्याला मिशा, वजन आणि पूर्वेतिहास देऊन मोकळा होतो. मित्र हसतात, मैफल जमते. पण संकटात हीच कला मालकावर उलटते. वेटिंग हॉलमधल्या त्या निळ्या खुर्चीत बसल्या बसल्या मी सुलभाला मारलं, कागदपत्रं करून विमानात चढवलं, लेकीला, रेवाला, हॉस्टेलला घातलं आणि स्वतः डोंबिवलीच्या खानावळीत पातळ आमटी ओरपत म्हातारा झालो. एवढं सगळं झालं, आणि समोरच्या मशीनमधून एका बाईने मागवलेली कॉफी अजून कपात पडायची होती.

तेव्हा कुठे देव आठवला. गणपतीला एकवीस मोदक बोललो. एकवीस कमी वाटले म्हणून हजार केले, मग लाख केले, मग अनवाणी अष्टविनायक, मग आठही गणपतींना चांदीचे मुकुट. बोलत होतो आणि मनातून जाणवत होतं, की बाप्पाही माझ्या कंपनीतल्या लोकांसारखाच गालातल्या गालात हसत असणार. याचं बोलणं कोण धरतो! माझी प्रार्थनासुद्धा त्याला थाप वाटणार!

शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे सरदारजी बसले होते. केशरी पगडी, छातीभर पांढरी दाढी, एक डोळा कायमचा मिटलेला. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि मूठभर भाजलेले चणे माझ्या हातावर ओतले.

"ले पुत्तर, बादाम खा."

मी चण्यांकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. बिचाऱ्यांना दिसत नसेल. म्हटलं, "बाबाजी, हे चणे आहेत."

"तुझे चने दिखते हैं? आँख दिखा डॉक्टर को. मैं लखनेत्र सिंह हूँ, मुझे तो बादाम दिखते हैं."

लखनेत्र! लाख डोळ्यांचा! एक डोळा गेलेला माणूस स्वतःला लाख डोळ्यांचा म्हणवतो, हे ऐकून माझ्यातला फेकाड्या खाडकन जागा झाला. मी विचारलं, आत तुमचं कोण आहे? धाकटा भाऊ, म्हणाले. मेंदूत रक्त उतरलंय, आयसीयूत आहे. सोबत कोण आलंय?

"सवा लाख."

मी हॉलभर नजर टाकली. ते एकटेच होते. मग त्यांनी हसत समजावलं: त्यांच्याकडे जुने, लढाईतले लोक असंच बोलायचे. एकटा शीख म्हणजे सव्वा लाख. चणे म्हणजे बदाम. खायला काही उरलं नाही, तर लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातली पंगत, मस्त झाला. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते. हा माणूस उघड्या तळहाताने सव्वा लाखाचा होता. मला आपल्याच धंद्यातला कोणी भेटल्यासारखं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला. कारण माझ्याहून मोठ्या थापा मारून हा मनुष्य माझ्याहून निवांत दिसत होता.

"तू किधर का?"

"महाराष्ट्र."

"हुजूर साहिब के पास?"

"हो, बाजूलाच," मी म्हणालो. आता डोंबिवलीहून हुजूर साहिबचं नांदेड म्हणजे रात्रभराचा प्रवास. पण दुबईतून पाहिलं तर बाजूलाच की! त्यांनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मला वाटतं त्यांना कळलं होतं. लाख डोळे होते त्यांना.

तेवढ्यात रेवाचा फोन आला. ती आमच्या शेजारणीकडे, रत्नागिरीच्या नफिसाभाभींकडे होती. "बाबा, जस्ट टेल मी द ट्रूथ. नो स्टोरीज, प्लीज." बारा वर्षांची पोर, आवाज दाबून बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट सुचत नव्हती. सरदारजींनी माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"पुत्तर, मैं तेरे पापा का दोस्त. तेरी मम्मी अंदर लड़ रही है. तेरा पापा बाहर बादाम खा रहा है. अब बता, दोनों में शेर कौन?"

पलीकडून रेवा फिसकन हसली. ते हसू ऐकलं आणि मी रडलो. सरदारजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही, पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाले, "लो जी, लंगर मस्त हो गया!"

नंतर जेव्हा जेव्हा मी विचारलं, भाऊ कसा आहे, तेव्हा एकच उत्तर आलं, "चढ़दी कला!" म्हणजे मन चढतं, उमेद वर. आतून नर्स आली की त्यांचे ओठ हलायचे, ती निघून गेली की पुन्हा "चढ़दी कला!" त्यांच्या ओठांबरोबर मीही नाम घेऊ लागलो. त्यांचं त्यांचं, माझं माझं. मुकुट, मोदक सगळं विसरलो. नुसतं "गजानना, तू बघ" एवढंच उरलं.

मग दार उघडलं. डॉक्टर मास्क खाली करून म्हणाला, आता धोका नाही. मला आत नेलं. सुलभा गुंगीत होती, नाकात नळी, पण हात ऊबदार. बाहेर आलो तो मी जमिनीवर नव्हतो. करामातल्या मिठाईवाल्याला फोन करून पेढे मागवले. डिलिव्हरीवाल्याला "यल्ला, यल्ला" करून पळवलं. खोका उघडत धावत सरदारजींकडे गेलो. ते तिथेच, ताठ बसून होते.

"बाबाजी, वाचली! तुमचा भाऊ?"

"चढ़ाई कर गया, पुत्तर."

इतका वेळ चढदी कला ऐकलेले माझे कान! मला वाटलं, तब्येत चढणीला लागली. मी अक्षरशः ओरडलो, "वधाई हो! वधाई!" आणि पेढा थेट त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडून पेढा घेतला, सावकाश खाल्ला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तेरा घर बसता रहे."

मी खोका घेऊन नर्सच्या टेबलाशी गेलो. तिथली मल्याळी सिस्टर माझ्याकडे विचित्र नजरेने बघत हळूच म्हणाली, "सर, दॅट अंकल्स ब्रदर एक्स्पायर्ड. तुम आया उससे थोड़ा पहले." सरदारजींच्या त्या बोलीत माणूस मरत नाही, मोहिमेवर निघतो, चढाई करतो.

परत त्यांच्याकडे गेलो. आता दिसलं, की त्यांच्या मनगटात दोन कडी होती. दुसरं भावाचं. मी हात जोडले, शब्द शोधू लागलो.

"ओए, बैठ," ते म्हणाले. "आज सब रोने आएँगे. वधाई देने वाला तू एक ही आया. तूने दी, मैंने ले ली. वो भी हँसा होगा. बड़ा मसखरा था."

मी बसलो. बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत हा चमत्कारच धरावा. थोड्या वेळाने त्यांचे भाऊबंद आले, 'वाहेगुरूजी की फतेह' म्हणत एकमेकांना नमस्कार झाले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. तो हात इतका कापत होता, की ती थरथर माझ्या दातांपर्यंत पोचली. आवाज मात्र खणखणीत होता.

सुलभा आता बरी आहे, माझ्यावर पूर्वीसारखी ओरडते, आणि त्या ओरडण्याला मी प्रसाद मानतो. तिला कोणी वाचवलं याचा वाद मी घालत नाही. डॉक्टरांचे हात होते, तेही कोणीतरी धरलेच असतील. मला मात्र त्या खुर्चीत कोणी सावरलं, ते ठाऊक आहे. ज्या हाताने सावरलं, तो स्वतःच कापत होता, याचा अर्थ मला फार नंतर उमगला. देवावर भार टाकणं म्हणजे भीती संपणं असं मी समजत होतो. तसं नसावं. संध्याकाळी दिवा लावताना आता मी नवस बोलत नाही. सुलभा, रेवा यांच्यासाठी हात जोडतो, आणि मग सरदारजींच्या त्या भावासाठी, ज्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. गजाननाला म्हणतो, तुला माहीत असेल.