झिजलेली सुई

चाचांची रेकॉर्ड मी खराब केली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा आडवळणानं जाईन आणि मुद्द्यावर येणारच नाही. ती कला माझ्या अंगात भरपूर आहे.

चाचा म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये उभा जन्म ट्रम्पेट वाजवलेला माणूस. अर्धं कोल्हापूर त्यांच्या ट्रम्पेटवर नाचलंय. पण जीव जडला तो जॅझवर. एकदा मुंबईला लग्नाची सुपारी होती, तिथं जुन्या बाजारात एका ट्रम्पेटवाल्याची रेकॉर्ड मिळाली आणि नाद लागला तो लागलाच. आम्ही चार-पाच नादखुळे दर रविवारी सकाळी, मिसळ चापून, त्यांच्या पुढच्या खोलीत जमतो. कुणी नवा स्पीकर घेतला, अँप्लिफायर घेतला की आधी चाचांकडं आणायचा. ते तीच रेकॉर्ड लावणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "डावा स्पीकर वीतभर आत घे." घेतला की खरंच आवाज सुधारायचा. त्यांच्या कानापुढं आमच्यापैकी कुणाचं काही चालत नव्हतं.

आमच्यात एकच कडक नियम. झिजलेल्या सुईखाली दुसऱ्याची रेकॉर्ड घालायची नाही. झिजलेली सुई रेकॉर्डच्या खाचा आतनं कुरतडते. वरनं बघाल तर काही दिसत नाही, पण बारीक आवाज कायमचे जातात.

आता मी कोण? कागलच्या एमआयडीसीत मशिनवर निघालेले पार्ट तपासणारा माणूस. टूल झिजलं तरी बदललं नाही म्हणून ऑपरेटरच्या अंगावर जाणारा. आणि घरी माझीच सुई दोन वर्षं तशीच!

ती रेकॉर्ड चाचा कुणाला देत नसत. मी महिनाभर त्यांच्या मागं लागलो. शेवटी कंटाळून त्यांनी विचारलं, "सुई बदललीयास न्हवं?"

"व्हय की चाचा, गेल्याच महिन्यात."

धडधडीत खोटं. तोंडातनं कसं सटकन गेलं, माझं मलाच कळलं नाही. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मी ती रेकॉर्ड वाजवली. त्यातला ड्रमवाला काठ्यांऐवजी तारेचे ब्रश फिरवतो, सुपात घनसाळ तांदूळ घोळावा तशी सळसळ येते. आठव्या दिवशी ती सळसळ येईना. नुसती खरखर. पळत जाऊन नवी सुई आणली, बसवली, पुन्हा लावली. तीच खरखर. रेकॉर्ड परत केली तेव्हा वर आजऱ्याचे काजूपण नेऊन दिले. लाज बघा माझी.

त्या रविवारी चाचांनी ती लावली आणि मध्येच डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणाले, "ब्रश ऐकू येतोय का रं?"

"येतोय की. एकदम स्वच्छ."

कुरुंदवाडचा आमचा डेअरीवाला दोस्त लगेच म्हणाला, "येतोय येतोय!" त्याचं काय, बाहेरनं ट्रॅक्टर गेला असता तरी त्याला ब्रशच ऐकू आला असता. पण मला काय धाड भरली होती?

मग चाचा शोधायला लागले. सुई बदलली, वायरी बदलल्या, अँप उघडून साफ करून घेतला. रेकॉर्डवर मात्र संशय नाही. "ती इंजनेराकडं हुती, नव्या सुईखाली," असं ते सगळ्यांना सांगायचे. इंजनेर म्हणजे मी. शेवटी कानाच्या डॉक्टरकडं गेले. या वयात बारीक आवाज थोडे जातातच, असं डॉक्टर म्हणाले. तो कागद चाचांनी आम्हाला दाखवला आणि घडी घालून खिशात ठेवला.

त्यानंतर त्यांनी सूर सांगणंच सोडलं. बँडची नवी मंडळी तालमीला बोलवायला यायची, तर म्हणायचे, "बहिऱ्यानं काय सूर दुरुस्त करायचा?" डेअरीवाल्यानं नवे स्पीकर आणले, तेव्हा म्हणाले, "तुमचं तुम्हीच ऐका बाबांनो." मी तिथंच बसलेलो.

बायको म्हणाली, "सांगून टाका की. खाणार हाईत काय तुम्हाला?" मी सांगितलं नाही. तीच रेकॉर्ड ऑनलाइन शोधून परदेशातनं मागवली. आली. एका रविवारी चाचा चहा टाकायला आत गेले, तेव्हा जुन्या कव्हरात नवी घातली आणि जुनी पिशवीत. घरी आणून तिचे चार तुकडे केले आणि सकाळच्या घंटागाडीत टाकले. वाटलं, मिटलं सगळं.

पुढच्या रविवारी मुद्दाम लवकर गेलो. दोघंच होतो. "चाचा, लावा की ती," म्हटलं. नको नको म्हणत लावली. ब्रश आला, सळसळ स्वच्छ! चाचा ताठ बसले. तोंड असं उजळलं की मला रडू यायचं बाकी होतं. मग दुसरं गाणं सुरू झालं आणि ते तोंड हळूहळू उतरत गेलं. गाणं संपल्यावर म्हणाले, "हितं एक जुना ओरखडा हाय. टक् करतंय. तीस वर्सं ऐकतोय. आज त्योबी ऐकू आला न्हाय. म्हंजे मगाशी ब्रश ऐकला, त्योबी डोक्यातच वाजला आसंल. ऱ्हाऊ दे. बंद कर."

मग मात्र माझा धीर सुटला. सुई, खोटं, काजू, नवी रेकॉर्ड, सगळं भडाभडा बोललो. चाचांनी रेकॉर्ड उचलली, खिडकीपाशी उजेडात धरली. ओरखडा नव्हता. बराच वेळ ते ती फिरवून बघत राहिले.

"माझी कुठं हाय?"

"घंटागाडीत टाकली, चाचा."

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. ते इतकंच म्हणाले, "रेकॉर्डचं जाऊ दे. मी तुला इचारलं हुतं की रं."

पाय धरायला वाकलो, तर ते मागं सरकले.

आता चाचा पुन्हा तालमीला जातात. रविवारी पुन्हा डोळे मिटून स्पीकर सरकवायला सांगतात. मला "या" म्हणतात, चहा देतात, बायकोची चौकशी करतात. मध्येच रेकॉर्ड थांबवून विचारतात, "कसं वाटतंय?" डेअरीवाल्याला विचारतात, त्याच्या शेजारच्याला विचारतात. माझ्यापाशी आले की सुई उचलून पुढचं गाणं लावतात.