हर्षाच्या हनुवटीचं कारण

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळही नाही. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही — पण समोर बसून सांगण्यापेक्षा हे बरं. तुम्ही वाचाल तेव्हा माझं तोंड तुम्हाला दिसणार नाही.

हर्षा माझी मुलगी. तिचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, हनुवटी बाहेर निघालेली. शाळेतल्या मुली म्हणायच्या, "हिना खालना खण उघडाच ऱ्हास" — हिचा खालचा खण उघडाच असतो. मग ती घरी येऊन आरशासमोर तिरकी उभी राहायची, एका बाजूने स्वतःला बघत. मी आरसा उंच टांगला. एवढंच केलं.

ती आठ वर्षांची असताना शाळेत दात तपासायचं शिबिर होतं. मी आणि सासूबाई सोबत गेलो. डॉक्टरांनी तिला दाढांवर दाढा टेकवायला लावल्या, मग जबडा मागे घेऊन चावायला सांगितलं. तिला जमेना. त्यांनी मला विचारलं, "ताई, घरात कोणाची हनुवटी अशी आहे का? आजी, मामा, कोणी? असेल तर हे हाडाचं आहे, थांबू नका. हाड वाढतंय तोवरच यंत्र लावून काही करता येतं."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या — की मलाच तसं वाटलं?

"नाही," मी म्हणाले. "कोणाचीच नाही."

माझ्या आईची होती. अगदी तशीच.

माझं माहेर खांडबाऱ्याकडचं. व्याह्यांसमोर, जावयासमोर आईने तोंडावरचा पदर कधी काढला नाही. चहासुद्धा भिंतीकडे वळून प्यायची. सासूबाई आपल्या विहिणीचं कौतुक करत म्हणायच्या, "याहीनबाई भलती मर्यादानी शे." मर्यादा कसली? सोयरीक जमली तेव्हापासून आम्ही मायलेकी ते झाकत होतो. कळलं असतं तर म्हणाले असते, फसवून मुलगी दिली. हर्षा रांगत होती तेव्हा आई गेली. मला वाटलं, आता झाकायला काही उरलं नाही.

माझं 'नाही' ऐकून डॉक्टर म्हणाले, मग एखादी सवय असेल — अंगठा, जीभ. दात पडून नवे येऊ द्या, मग बघू. सासूबाईंना 'सवय' एवढा शब्द पुरला. घरी येताच त्या माझ्या थोरल्या जावेला म्हणाल्या, "बाटली दी दी सन तूच बिघाडं पोरनं तोंड."

जावेला मी जिजी म्हणते. तिला मूल नाही. मी शेतात जायचे तेव्हा हर्षाला तिनेच सांभाळलं, तिनेच बाटलीने दूध पाजलं. दोष स्वतःवर घेत ती हळूच म्हणाली, "व्हई माय. मन्हाच हातनं व्हयनं व्हई."

मी तिथेच तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

आणि खरं सांगू? त्या दिवसापासून मला जिजीचाच संशय येऊ लागला. बाळंतपणानंतर मला घ्यायला ती माहेरी आली होती, तेव्हा आईचा पदर घसरला होता. जिजीने पाहिलं — आणि नजर बाळाकडे वळवली. मग आता ती बोलत का नाही? कशासाठी राखून ठेवते आहे? ती सासूबाईंजवळ बसली की मी दाराआड उभी राहायचे. हर्षाची वेणी घालताना तिने पोरीची हनुवटी वर केली की वाटायचं, आता सांगेल.

शेवटी मीच हर्षाला म्हणाले, मोठ्या मायकडे, म्हणजे जिजीकडे, जायचं नाही, तिच्यामुळेच तुझं असं झालं. सासूबाईंनी नाही सांगितलं हे — मी सांगितलं.

जिजी काही दिवस संध्याकाळी कंगवा घेऊन ओट्यावर बसायची. मग बसेनाशी झाली.

यंदा हर्षाला सोळावं लागलं. नंदुरबारला डॉक्टरांनी बाजूने एक्स-रे काढला. खालचं हाडच लांब आहे, म्हणाले; आता वाढ थांबल्यावर ऑपरेशन, लहानपणीच आणायला हवं होतं. मग तोच प्रश्न — घरात कोणाला?

माझ्या आधी हर्षाच बोलली. "कोणालाच नाही. मोठ्या मायने बाटली पाजली, म्हणून झालं."

"बाटलीने हाड एवढं वाढत नाही, बेटा," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे बघून थांबले. हर्षाही माझ्याकडे बघू लागली.

त्या खोलीत सासूबाई नव्हत्या. जिजी नव्हती. भिण्यासारखं कोणीच नव्हतं.

मी पिशवीतले कागद सारखे करत राहिले.