एकविसावं नाव

दुर्गेश्वरी स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसली होती, गॅसवर चहा उकळत होता. तेवढ्यात दार वाजलं. दारात मंगली, गाइडच्या खाकी गणवेशात. या वेळी ती नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांच्या जिप्सीत असायला हवी होती.

"वहिनी, माहं नाव काऊन खोडलंस?"

"मी कायले खोडू? बस आधी."

"चार दिवस झाले, गेटवर जाऊन राहिली अन् तशीच परत येऊन राहिली. गेटवरचे गोवर्धनभाऊ म्हणते, मशीन तुले ओळखत नाही."

गाइडांच्या पाळीची यादी मोबाइलवर आणली होती दुर्गेश्वरीनेच. गोंदियाला बीसीए करून ती या गावात सून म्हणून आली. प्रोग्राम लिहायचं एक फुकटचं साधन उतरवून घेऊन तिने घरबसल्या ते ॲप केलं, आणि गेटवरची रोजची हुज्जत थांबली. याचा तिला मनातून फार अभिमान होता.

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडून नावं मोजली. वीस. मंगली एकविसावी, याच महिन्यात लागलेली. साधनाच्या अटी तिने आज पहिल्यांदा नीट वाचल्या. नोंदी फक्त वीस, आणि वापर शिकण्यापुरता. त्यावर रोजचं काम चालवायची परवानगीच नव्हती. पहिल्या दिवशी हेच सगळं बारीक अक्षरात समोर आलं होतं. तेव्हा कुकरची शिट्टी झाली म्हणून ती 'मान्य' दाबून उठली होती.

"चूक माही आहे, मंगली. फुकट म्हणजे मोकळं, असं समजून बसली मी."

नवरा हेमेंद्र चहासाठी आत आला होता. "त्यात काय एवढं? माझ्या ईमेलनं दुसरं खातं काढ. आणखी वीस नावं."

"मंग दोन याद्या, अन् दोन पहिले नंबर," मंगली म्हणाली. "पहिली गाडी कोणाची? भांडण सोडवाले तुम्ही याल का?"

हेमेंद्र कप घेऊन बाहेर सटकला. दुर्गेश्वरीला तसंही ते पटलं नसतं. न वाचता दाबलं ते दाबलं, वाचल्यावर डोळेझाक कशी करायची?

खरंच मोकळी साधनंही असतात, हे तिने कॉलेजात ऐकलं होतं. नावं कितीही घाला, कामाला वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त तयार मिळतं कमी, हाताने लिहावं लागतं जास्त. तिने गेटवर फोन लावला.

"गोवर्धनभाऊ, ॲप आजच बंद करा. पाटीवर खडूनं लिहा. उद्या पहिली गाडी मंगलीची."

"मशीन थकली का जी?"

"मशीन नाही. मीच वाचलं नव्हतं."

मंगलीचा चेहरा सैलावला. तिने सूप पुढ्यात ओढून शेंगा सोलायला घेतल्या. "नवं कराले किती दिवस?"

"दोन आठवडे. सलग बसू दिलं तर."

मागच्या अंगणातून सासरे, केशोराव, चहा मागायला आले. दुर्गेश्वरीने त्यांच्या हाती कप दिला.

"मामाजी, दोन आठवडे दुपारी दोन ते चार मले हाक देऊ नका."