श्रावणची डांबरी वेटोळी

दिग्रसच्या आमच्या वसाहतीत सिमेंटच्या रस्त्याला भेगा पडल्या. मी नगरपरिषदेकडे सात अर्ज केले. त्यांचे फलित म्हणून ठेकेदाराने श्रावणला पाठविले. लांब नळीच्या झारीत उकळते डांबर घेऊन तो भेगेवर धार धरीत चाले. पाठीच्या दुखण्यामुळे तो वाकत नसे. कमरेच्या उंचीवरून पडणारी ती घट्ट धार खाली टेकताच दोरासारखी गुंडाळत जाई. वेटोळी भेगेबाहेर पसरत आणि भेग तहानलेलीच राही.

मी आठवा अर्ज केला. ठेकेदार श्रावणला म्हणाला, "तपासणीवाल्या मॅडमनं काम नापास केलं तं उद्यापासून येऊ नको."

तपासणीस अभियंता प्रेरणा मॅडम आल्या. इंदूबाईंच्या दारासमोर तर वेटोळ्यांवर वेटोळी, जिलेबीचे ताटच.

"इथं काय झालं?" मॅडमनी विचारले.

"इंदूबाईच्या पोरीचं लगन जुळून राह्यलं," श्रावण म्हणाला. "बात अर्धी सोडून कसा जाऊ?"

"म्याच थांबवलं त्याले," इंदूबाई दारातून म्हणाल्या.

पुढे कडुनिंबाखाली नागमोडी रेघ होती. श्रावणने खुलासा केला, "पाय सावकाश पडला का धार गोल फिरते. जरासा उचलला का नागमोडी. झपझप गेलं का सरळ."

मी बावीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवितो. हे मला कोणी सांगितले नव्हते.

वामनरावांच्या फाटकासमोर रेघ सुतासारखी सरळ होती. "त्यायचं कुत्रं चावते," श्रावण म्हणाला. त्यानंतर माझे घर. तेथेही रेघ पट्टीने आखल्यासारखी, डांबर भेगेत काठोकाठ.

"सरांकडेही कुत्रा आहे?" मॅडमनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

श्रावण झारीकडे पाहू लागला. "सर असतेत ना घरी," इंदूबाई म्हणाल्या.

मॅडमनी निर्णय दिला, "काम येतं याला. वेटोळी खरवडून सगळी गल्ली या चालीनं पुन्हा भरा. जमलं तर पास."

"मॅडम, लोक हाका मारतेत, मले पुढं जाववत नाही," श्रावण म्हणाला. "सरायले माह्या मांगं चालू द्या."

तक्रारदार मीच असल्याने नकार देता येईना. भर उन्हात मी त्याच्या मागे चाललो. एकानेही हाक मारली नाही. इंदूबाईंनी तर दार लावून घेतले. भेगा भरल्या, श्रावणचे काम टिकले.

आता पलीकडच्या वसाहतीत काम निघाले आहे. श्रावण रोज सकाळी सात वाजता झारी घेऊन माझ्या फाटकाबाहेर उभा असतो. चहाला बोलावले तर म्हणतो, इंदूबाईकडे झाला.