नानुमेआची डॉक्टरीण

माझा थोरला भाऊ फाकावाए नानुमेआ या भर समुद्रातल्या चिमुकल्या बेटावर मासेमारी करायचा. सेलेपा त्याची मुलगी. युनिव्हर्सिटीत शिकायला ती समुद्रापलीकडून सुवा शहरात आली तेव्हा आमच्याच घरी राहिली, म्हणून तिचं जे झालं ते मी जवळून पाहिलं.

तिनं डॉक्टर व्हायचं हे ती लहान असतानाच ठरलं होतं. तिचा धाकटा भाऊ आपिनेलु पोटदुखीनं तळमळत गेला. मोठ्या इस्पितळात न्यायला जहाजाचा पत्ता नव्हता आणि दवाखान्यातल्या नर्सकडे गोळ्यांपलीकडे काही नव्हतं. त्यानंतर फाकावाए कुणाशी बोलेनासा झाला. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "सेलेपा डॉक्टर होईल." तिच्या आईनं मान डोलावली. सेलेपानंही डोलावली. घरात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ती निघाली तेव्हा बेटानं सभाघरात मेजवानी दिली. पुलाकाचे कंद, डुक्कर, नारळाच्या दुधातला मासा, नाच, सगळं झालं. एक म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, "माझे गुडघे तुझ्यासाठी राखून ठेवलेत गं. लवकर ये, नाहीतर मी तशीच वर जाईन."

"वर गुडघे लागत नाहीत, आजी," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सेलेपा हसली नाही. तिनं त्या गुडघ्यांकडे नीट पाहिलं.

युनिव्हर्सिटीत पहिल्याच आठवड्यात नव्या मुलांना एका हॉलमध्ये बसवलं. बिद्यावती मॅडम म्हणून एक लबासा गावाकडच्या बाई होत्या, नव्या मुलांना मार्गी लावायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, "तुझं ध्येय काय?"

"डॉक्टर," सेलेपा म्हणाली.

"ते पुष्कळ वर्षांनी. या सत्रात काय करणार? कुठला विषय कच्चा आहे? रोज किती बसणार?"

"डॉक्टर," सेलेपा पुन्हा म्हणाली. मागून कोणीतरी खिदळलं. घरी आल्यावर ती चिडून मला म्हणाली, "आत्या, त्या बाईंना कळतच नाही. मी काय ठरवणार? सगळं ठरूनच आलंय."

"मग सांगायचं ना, केमिस्ट्री कच्ची आहे म्हणून."

"कच्ची आहे असं म्हटलं की ती कच्ची राहते."

तिच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं. इथं सुव्याची पोरं काचेच्या नळ्या अशा सराईतपणे हाताळत, जणू घरचे पेलेच. ती कुणाला काही विचारायची नाही. विचारलं तर बेटाचं नाव जाईल, असं तिला वाटे. उलट तिनं एक जास्तीचा विषय घेतला, लवकर संपावं म्हणून. जेवणावरची वासना गेली, केस गळायला लागले. मी रागावले की म्हणायची, "तिकडे माझ्यासाठी प्रार्थना चाललीय, आत्या, आणि मी झोपू?"

निकाल लागला. केमिस्ट्रीत नापास, गणितातही नापास. त्या रविवारी चर्चनंतर फाकावाएचा नेहमीप्रमाणे फोन आला.

"काय डॉक्टरीणबाई, कसं झालं?"

"चांगलं झालं, बाबा."

मी समोर भांडी पुसत होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या रविवारी बेटावरच्या पाद्रींनी भर चर्चमध्ये तिच्या यशाबद्दल देवाचे आभार मानले. ते फाकावाएनंच तिला फोनवर आनंदानं सांगितलं.

बिद्यावती मॅडमनी तिला बोलावून घेतलं. त्यांनी झापलं नाही. म्हणाल्या, "डॉक्टर हा शब्द या खोलीबाहेर ठेव. शुक्रवारपर्यंत एक धडा. तेवढंच. समजला नाही तर इथं येऊन भांडायचं माझ्याशी." आणि सेलेपा खरंच जायला लागली. एकदा घरी येऊन तिनं मला मिठाच्या पाण्यावर काहीतरी इतकं समजावलं की भात करपला. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली, तेही करपलेलं.

दुसऱ्या सत्रात ती सगळ्या विषयांत पास झाली. पण मेडिकलच्या प्रवेशाला पहिल्या वर्षी उत्तम गुण लागत, तेवढ्यानं भागत नव्हतं, आणि तो दरवाजा बंद झाला. मॅडमनी शिक्षकी अभ्यासक्रम सुचवला. तिनं होकार दिला आणि त्या रात्री ताट तसंच सोडून उठली.

त्याच सुमारास फाकावाए मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सुव्याला आला. येताना सुका मासा आणि तिच्या आईनं विणलेली चटई घेऊन आला. एका डोळ्याला पट्टी बांधून तो ओसरीवर बसला होता, तेव्हा ती त्याच्यापुढे जाऊन बसली.

"बाबा, मी डॉक्टर होणार नाही."

"नापास झालीस?"

"आधी झाले. मग पास झाले. पण तेवढ्यावर मेडिकलला घेत नाहीत."

"पुन्हा बस परीक्षेला."

"तसं नसतं, बाबा. मी आता शिक्षिका होणार."

त्यानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "तुझी आई रोज संध्याकाळी आपिनेलुच्या कबरीपाशी बसते. ताई येणार आहे असं त्याला सांगते. तिला मी काय सांगू?"

सेलेपाला रडू आलं. तो तिच्याजवळ सरकला नाही. निघताना धक्क्यावर मला म्हणाला, "बेटावर कुणी विचारलं तर मी सांगेन, डॉक्टरकी लांबलीय. तूही तेच सांग." तिच्यासाठी त्यानं काही निरोप ठेवला नाही.

सेलेपा केमिस्ट्रीची शिक्षिका झाली. फुनाफुतीला, राजधानीच्या बेटावर, नोकरी लागली. सुट्टीत सगळे आपापल्या बेटांवर जात, ती शाळेच्या क्वार्टरमध्ये राही. फाकावाएचे फोन चालू होते, पण त्यात आता पाऊस आणि मासे एवढंच असायचं.

मग तो गेला. समुद्रावरून आला, होडी ओढली आणि तिथंच बसला तो उठला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा पुरून झालं होतं. सभाघरात सगळं बेट जमलं. बोलायची पाळी आली तेव्हा सेलेपा उभी राहिली. "माझ्या बाबांनी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं," ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही. होणारही नाही. मी मुलांना शिकवते."

मग एक वृद्ध प्रमुख सावकाश म्हणाले, "बस, पोरी. आम्हाला ठाऊक होतं. जहाजावरच्या लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण फाकावाए दरवर्षी नवीन काहीतरी सांगायचा. तू मोठ्या इस्पितळात आहेस, मोठं ऑपरेशन पाहिलंस. सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. म्हणून आम्ही विचारत राहिलो."

"आणि आई?"

"तिला कुणी सांगितलं नाही."

आई पुढच्याच रांगेत बसली होती. ती उठली आणि घरी निघून गेली.

सेलेपानं नंतर नानुमेआच्या प्राथमिक शाळेत बदली मागून घेतली. केमिस्ट्रीची शिक्षिका तिथं बेरीज-वजाबाकी शिकवते. ती आईजवळ राहते. आई तिला जेवायला वाढते, आजारी पडली तर डोकं चेपते, पण त्या दिवसापासून तिला नावानं हाक मारलेली नाही. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आईनं तिचा वर्ग अजून पाहिलेला नाही.