पेटीमास्तरांची बोटं

थंडीला गुलाबी म्हणणाऱ्या माणसाला त्या वर्षांत एकदा तरी आमच्या दौंडच्या घरी पहाटे साडेचारला उठवून बसवायला हवं होतं. दिवाळी सरली, भीमेकडून वारा सुटला की आधी बाबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजायचं. मग शेजारची बोटं, मग मनगट, मग गुडघे. गावाला थंडी कळायची ती स्वेटरं बाहेर निघाल्यावर. आम्हाला आठ दिवस आधीच कळायची. एवढी आगाऊ बातमी मिळून फायदा काय, ते मात्र मला आजवर कळलेलं नाही.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. कारकुनी पोटासाठी, पेटी स्वतःसाठी. आई गेली, थोरली बहीण लग्न होऊन शिरूरला गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी वीस वर्षांची, प्राथमिक शाळेत नुकतीच शिक्षिका झालेली. मंडळीतले लोक बाबांना पेटीमास्तर म्हणायचे. त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना ठाऊकही नसावं. ऑफिसातली बढती दुसऱ्याला मिळाली त्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, की चहात साखर कमी पडलीय. पण बोटं सुजायला लागल्यापासून त्यांच्या मनात एकच धास्ती बसली होती, पेटी आपल्या हातून जाईल ही.

दुखणं संधिवाताचं. त्याचा मोठा खोडसाळपणा असा, की ते पहाटे यायचं आणि अंगणात ऊन आलं की निम्मं पळून जायचं. सकाळी ज्या माणसाला सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती, तोच माणूस दुपारी दोनला ऑफिसात बसून पावत्या लिहायचा. त्यामुळे कुणाला ते खरं वाटायचं नाही. "मास्तर, काल तर चांगले होता की," असं जो तो म्हणायचा.

"काल दुपारी होतो," बाबा म्हणायचे.

रविवारची उपासना सकाळी आठला. आठच्या आत ती बोटं जागी करायचं काम माझं. शेगडी पेटवायची, मीठ घालून पाणी तापवायचं, त्यात हात बुडवून ठेवायचे, मग लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल चोळायचं. मुठी अर्ध्या मिटलेल्या असायच्या. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट हळूहळू सरळ करायचं, अंगठा शेवटी. घाई केली तर ते ओरडायचे नाहीत, नुसता श्वास आत ओढून घ्यायचे. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दवाखान्यातल्या मिक्श्चरनं सूज उतरायची, पण कानात घूं घूं आवाज सुरू व्हायचा. सूर नीट ऐकू येत नाही म्हणून शनिवारी ते मिक्श्चर घ्यायचेच नाहीत. म्हणजे नेमकी रविवारची सकाळ आठवड्यातली सगळ्यात वाईट. मी वैतागायचे. "एखादा सूर इकडे-तिकडे झाला तर देवाला चालेल," असं एकदा तोंडातून गेलंच.

"देवाला चालंल गं," ते म्हणाले. "मला न्हाई चालत."

बहीण शिरूरहून औषधं पाठवायची. कधी निरगुडीचा पाला, कधी एरंडेल. एकदा तिनं न्हावऱ्याच्या एका म्हाताऱ्या धनगराबरोबर घोंगडी पाठवली. तो आमच्या ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि बाबांचे हात बघत राहिला.

"मास्तर, थंडीची आमची म्हातारी मेंढरंबी अशीच आखडत्यात. ऊन पडल्याबिगर आम्ही त्यास्नी उठवीत न्हाई. तुम्हास्नी कोण उठवतंय?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळून घेतलं. मला वाटलं, या मेंढराला पेटी वाजवायची असते हो आबा, मी काय करू?

पहिल्या हिवाळ्यातच गाणी मंदावली. जिथे भराभर सूर घ्यायचे तिथे बाबा एकेक पट्टी जपून दाबायचे, आणि सगळी मंडळी त्यांच्यासाठी खोळंबायची. कुणाला कळत नाही, असं बाबांना वाटायचं. आणि गंमत म्हणजे खरोखरच कुणाला कळलं नाही. "मास्तर, अलीकडे तुमच्या वाजवण्यात फार भक्ती उतरलीय," असं चर्चचे पाळकसाहेब भर सभेत म्हणाले. मग काय, लोक डोळे मिटून आणखी लांबवायला लागले. उन्हाळ्यात बोटं मोकळी व्हायची, पण तोवर सगळ्यांना तीच सवय जडून गेली होती, बाबांनासुद्धा. तिसऱ्या हिवाळ्यात डावं मनगटही गेलं. तेव्हापासून भाता हलवायला मी शेजारी बसू लागले. एका पेटीला दोन माणसं, आणि त्यातलं एक जांभया देणारं.

त्या साली नाताळच्या गीतांची तालीम महिनाभर रोज सकाळी साडेसहाला ठेवली. रेल्वेतल्या लोकांना आठची ड्युटी, म्हणून ही वेळ. म्हणजे रोज साडेचारला शेगडी, सहाला घोंगडी पांघरून बाप-लेक चर्चच्या वाटेला, तिथून मी परस्पर शाळेत. तिसऱ्या आठवड्यात मी वर्गात पाढे म्हणवून घेताना उभ्या उभ्या पेंगले आणि मुलं सतरा नव्वे गाठून माझी वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेच्या गुंगीत पाणी जास्त तापलं, ते मला कळलंच नाही. बाबांनी हात बुडवले आणि श्वास आत ओढला. मी बघितलं तर बोटं लालबुंद.

"असू दे. ऊब बरी वाटती," ते म्हणाले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "डॉक्टरांनी बाबांना पेटी बंद करायला सांगितलीय. ते आपणहून सांगायचे नाहीत."

डॉक्टरांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. मी थकले होते, एवढंच खरं होतं. पण थकले म्हणायची तेव्हा लाज वाटली, आणि खोटं बोलायची वाटली नाही.

पाळकसाहेब भला माणूस. संध्याकाळी घरी आले, बाबांच्या सेवेबद्दल चार शब्द बोलले आणि म्हणाले, की शाळेत नवा आलेला तरुण मास्तर पेटी चांगली वाजवतो, यंदा तो सांभाळेल.

"डॉक्टर मला काय बोलले न्हाईत," बाबा म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मुलीला बोलले असतील."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला आत निघून गेले.

नाताळच्या दिवशी बाबा पहिल्यांदाच मंडळीत बसले, माझ्या शेजारी, घोंगडी गुडघ्यावर घेऊन. तरुण मास्तरानं पहिलं गीत उचललं ते झटक्यात. हात मोकळा होता पोराचा. पण लोक काही हलेनात. पेटी ओळीच्या टोकाला जाऊन उभी, आणि मंडळी अजून मध्येच. दुसऱ्या कडव्याला त्यानं मान वर करून दोनदा खूण केली. तिसऱ्या कडव्याला त्यानं हात टेकले आणि सगळ्यांच्या मागून वाजवू लागला.

"हे असं रडत कवापासनं गायला लागले?" बाबा माझ्या कानाशी पुटपुटले.

घोंगडीखाली त्यांच्या उजव्या हाताची बोटं हलत होती, अगदी त्याच संथ लयीत. थोड्या वेळानं ती थांबली. बाबांनी हात बाहेर काढून बघितला, मग समोरच्या लोकांकडे बघितलं.

"माझी बोटं बसलीत की ह्यांच्या गळ्यात," ते म्हणाले आणि खाली बघून हसले. मला तिथेच रडू येत होतं.

जानेवारीत मिक्श्चर संपलं म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली आणि विचारलं, "पेटी चालू आहे ना? बंद करू नका. तेवढीच बोटांना हालचाल. बसून राहिलात तर आणखी आखडतील."

मी दाराशी उभी होते. आता बाबा माझ्याकडे बघणार, असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"बंद केली, साहेब."

"का?"

"कंटाळा आला. लई वरसं झाली वाजवून."

परतताना उन्हातून चाललो होतो. पार्सल ऑफिसाच्या कोपऱ्यावर मी म्हटलं, "बाबा, मी पाळकसाहेबांना खरं काय ते सांगते."

"नको. ते पोरगं आता बसलंय, त्याला उठवू नको." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तूबी जरा झोपत जा."

पण झोप कुठली? पेटी गेली होती, थंडी जागेवरच होती. कपाचा कान धरायचा तरी बोटं उघडायलाच लागायची. साडेचार वाजले की डोळे आपोआप उघडायचे आणि मी शेगडी पेटवायचे, आता कशासाठी हे मनाला न विचारता.

त्या आठवड्यात शनिवारी रात्री जेवण झाल्यावर बाबांनी फडताळातून मिक्श्चरची बाटली काढली आणि माझ्यासमोर एक डोस घेतला. कानातल्या घूं घूंपायी शनिवारी ती बाटली कधी निघत नसे. रविवारी सकाळी बोटं कितीतरी वर्षांनी लवकर सुटली, अंगठ्यापर्यंत. पाणीसुद्धा दुसऱ्यांदा तापवावं लागलं नाही.

चर्चमध्ये आम्ही मागच्या सतरंजीवर बसलो. पेटीचा सूर लागला, मंडळी उभी राहिली. मी बाबांना पान काढून दिलं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी नीट धरलं, माझ्याकडे वळले आणि विचारलं, "सुरू झालं का?"