थर्माकोलचं बिऱ्हाड

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर थर्माकोलचं घर बांधलं आणि त्यात जेमतेम सहा मुक्काम करून ते गेले.

आज वर्ष झालं.

घर म्हणजे गाडीच्या मागं जोडायचं, दोन चाकांवरचं. फॉरेनची माणसं घेऊन फिरतात तसलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, हे तर आमचं बिऱ्हाडच हाय की.

ह्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की म्हसवडहून चालत कोयनेच्या अंगाला. संसार घोड्यावर, आणि घोडं घेऊन माझ्या सासूबाई पुढं. कुठं उतरायचं ते त्या ठरवायच्या. बाप्ये मेंढरं चारत मागनं पोचायचे, तोवर चूल पेटलेली असायची.

पुढं हे फौजेत गेले. गाड्यांचे मेकॅनिक. बावीस वर्षं.

मी सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत, शिलाई मशीन आणि पोरगा घेऊन. वर्षाला दोन महिने सुट्टीवर यायचे. बाकीचा संसार फोनवर.

"रिटायर झालो की सगळं तुझ्या मनासारखं." हे मी बावीस वर्षं ऐकलं.

रिटायर झाले आणि म्हसवडच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये थर्माकोलच्या जाड शीट आणून टाकल्या. मला वाटलं, यंदा गणपतीची आरास मोठी दिसते.

पहिल्याच दिवशी मेकॅनिकचं डोकं चालवलं. शीटला शीट जोडायला पंक्चरचं सोल्युशन लावलं.

सोल्युशननं थर्माकोल खाल्ला. सकाळी बघतो तर जिथं जिथं लावलं तिथं खड्डे.

मी तीन दिवस हसत होते. हे दोन दिवस शेडकडं फिरकले नाहीत.

मग सुतारकामाचा पांढरा गोंद आला. गोंदात पाणी घालून ब्रशनं फासायचा, वर कॅनव्हास ताणून बसवायचं, वाळलं की पुन्हा एक हात, आणि शेवटी घराच्या बाहेरून देतात तो रंग. कापड वाळून पत्र्यासारखं टणक होतं. वजन म्हणाल तर आम्ही दोघं उचलायचो.

कोपऱ्यांवर कॅनव्हासला चुण्या पडायला लागल्या तेव्हा मात्र साहेब माझ्याकडं आले. ब्लाऊजच्या बाहीचा मुंढा बसवते तसे मी चारही कोपरे कापून, शिवून दिले. एक चुणी नाही. हे कितीतरी वेळ त्यावरनं हात फिरवत होते.

लग्न झाल्यापासून आम्ही मिळून केलेलं ते पहिलं काम होतं. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

मग मी आत गेले. बघते तर बेड एकाचाच.

अडीच फूट. बरॅकमधल्या खाटेचं माप. टेपसुद्धा लावली नव्हती, बावीस वर्षांच्या सवयीनं हातच तिथं थांबला होता.

मला रडूच आलं. मी एवढंच म्हणाले, "आवं, आता तरी?"

हे चाकाचे नट आवळायला बसले. मग जरा सावरून म्हणाले, आमच्यात बाप्या बाहेरच झोपतो, मेंढरं राखायला.

"मेंढरं कुठायत?"

"तू हायस की."

पण मनाला लागलं होतं त्यांच्या. आतल्या भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. एकदा फिरून येऊ, मग घर इथनं कापतो, मधी पट्टी घालतो, दोघांचा बेड करतो. कॅनव्हास तू शिवायचं.

पहिल्या फेरीत कोयनेच्या घाटात तीनदा गाडी थांबवली आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. काय झालं म्हणून विचारलं.

"तू सांग कुठं उतरायचं. बिऱ्हाड बाईनं उतरवायचं असतं."

मला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. खोली मिळेल तिथं राहिलेली बाई मी. घाबरून एका जांभळीकडं बोट दाखवलं.

खाली तांबड्या मुंग्यांचं वारूळ.

मी आत बेडवर. हे घोंगडी टाकून बाहेर, भिंतीला पाठ लावून. मधे चार बोटं थर्माकोल. खाजवायचा आवाज मला आत ऐकू येत होता, पण विचारलं की म्हणायचे, जागा लय झाक निवडलीस.

सकाळी बाहेरून भिंतीवर बोटानं टकटक करायचे. चहा झालाय म्हणून.

असे सहा मुक्काम. शेवटचा मेढ्याच्या बाजूला.

तिथनं आल्यावर आठव्या दिवशी हे रुंदीचं काम काढून बसले. शेडमध्ये, भर दुपारी. मी कॅनव्हास बेतत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून गेले तर हे आडवे, हातात पेन्सिल तशीच. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्षभर मी ते घर उघडलं नाही. पोरगा म्हणाला, कुणाला तरी देऊन टाकू. मी नको म्हणाले.

आज सकाळी त्याला गाडी काढायला लावली. घाटात त्यानं विचारलं, आई, कुठं थांबू?

जागा मी निवडली. मुंग्या नाहीत, चारदा बघून घेतलं. चहा ठेवलाय. आत त्याच बेडवर बसून हे लिहितेय, समोर भिंतीवर तुमची रेघ आहे. टकटक ऐकायला कान किती आसुसलेत ते तुम्हाला कसं सांगू?

आवं, रीत मोडलीत तुमी. बिऱ्हाड घेऊन बाईनं पुढं जायचं असतं. बाप्यानं मागनं यायचं.

आता गेलाच आहात पुढं, तर जागा तुमीच बघा. मुंग्या असल्या तरी मी झाकच म्हणेन.

तेवढी खाट मात्र दोघांची करून ठेवा. पोराचं लग्न व्हायचंय अजून, मी सावकाश येते.